चौदाचं निम्मं

चौदाचं निम्मं किती, हे शाळेतल्या शेंबड्या पोराला विचारलं तरी ते सांगेल. मला ते साठ माणसांसमोर सांगता आलं नाही. येत नव्हतं असं नव्हे. येत होतं, चांगलं येत होतं, आणि तरी मी तोंडातून भलताच आकडा काढला आणि तोच धरून बसलो. या गोष्टीला आता किती वर्षं झाली, पण आजही कुणी माझ्यासमोर 'सात' म्हटलं की माझी मान खाली जाते. सांगायला लाज वाटते. पण न सांगता जी वाटत आली ती काही कमी नाही, म्हणून सांगूनच टाकतो.

मी चिखलीचा. तेव्हाची चिखली म्हणजे इंद्रायणीकाठचं जोंधळ्याचं गाव. आणे जाऊन नवे पैसे नुकते आले होते आणि म्हाताऱ्या बायका बाजारात नवा पैसा उलटासुलटा करून बघायच्या. आमच्या भावकीत मॅट्रिक झालेला मी पहिला. पिंपरी-चिंचवडकडं रेल्वेच्या अंगाला एकेक कारखाना उभा राहत होता, आणि तिकडच्याच एका नव्या तेलगिरणीत मला कारकुनी मिळाली. झालं! डोक्यात अशी हवा गेली म्हणता, की जमिनीवर पाय ठरेना. खिशाला पेन लावल्याशिवाय मी परसाकडंसुद्धा जात नव्हतो. त्या पेनात बहुतेक वेळा शाई नसायची.

गावात माझा रुबाब होता तो आणखी एका गोष्टीमुळं. हायस्कुलात असताना मी आकडा ओळखायचा खेळ शिकलो होतो. पारावर पाच-दहा माणसं जमली की मी म्हणायचो, "धरा मनात एक आकडा. कुठलाही. मला सांगू नका. आता तो दुप्पट करा. त्यात दहा मिळवा. आलं त्याचं निम्मं करा. आता पहिला धरलेला आकडा त्यातून काढून टाका." मग डोळे मिटायचे, कपाळाला बोट लावायचं, थोडा वेळ काढायचा आणि म्हणायचं, "पाच उरले!" बायाबापड्या तोंडात बोट घालायच्या. एक म्हातारी तर मला हरवलेल्या शेळीचा पत्ता विचारायला आली होती.

आता हे पाच का उरतात ते मला ठाऊक होतं का? छे! बीजगणिताच्या वहीत मी 'क्ष' मांडून सगळं लिहिलेलं होतं. दोन क्ष अधिक दहा, भागिले दोन, वजा क्ष. उत्तर पाच. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, मी उतरवून घेतलं, घोकलं आणि मार्क मिळवले. क्ष म्हणजे काय, तो कुठून आला आणि कुठं गेला, याचा माझ्या डोक्यात काडीचाही उजेड नव्हता. मला तो समजावून सांगितला एका अडाणी माणसानं, आणि ज्याची ही गोष्ट आहे तो हाच माणूस.

तो आमच्या गावचा मापाडी. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जोंधळ्याची रास पडली की ती पायलीनं मोजून द्यायची, हे त्याचं काम. बापाकडून आलेलं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. जमीन नव्हती. बायको, तीन पोरं आणि बापाची एक पितळी कडा लावलेली पायली, एवढा त्याचा संसार. मोजायला बसला की 'एक' म्हणायचा नाही, पहिल्या पायलीला 'लाभ' म्हणायचा. लाभ, मग दोन, मग तीन, अशा चालीवर त्याचा हात आणि तोंड बरोबर चालायचं. शंभर-शंभर पायल्यांची रास असो, त्याचा आकडा कधी चुकला असं गावात कुणी ऐकलं नव्हतं.

आणि मापाचा एक रिवाज होता, तो इथंच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोजताना कुणी हरकत घेतली, "माप चुकलं" म्हणाला, तर मापाड्यानं वाद घालायचा नाही. 'त्यांनी मोजावं' यापलीकडं एक शब्द नाही. पायली पालथी घालायची आणि मागं सरकून बसायचं. याला माप मोडलं म्हणायचे. मग ज्यानं हरकत घेतली त्यानं स्वतः पुढं यायचं, आणि तिथंच, त्याच माणसांसमोर, मोठ्यानं पहिल्यापासून मोजायचं. मापाडी वाद घालत बसला तर तो खोटा, असं आमच्याकडं धरतात. तो गप्प बसला म्हणजे तो स्वतःच्या मापावर ठाम आहे.

तर एका दुपारी खळ्यावर मी माझा खेळ दादावर चालवायला गेलो. त्यानं आकडा धरला, दुप्पट केला, दहा मिळवले, सगळं केलं. मी "पाच" म्हटलं. तो म्हणाला, "व्हय, पाच." पण तोंडात बोट घालायचं सोडून तो म्हणाला, "थांब, दुसरा धरतो." पुन्हा पाच. मग तिसरा. मग तो कडब्याच्या पेंढीला टेकला आणि हसला.

"आरं लेका, तू काय वळखलंच न्हाईस की!"

"म्हणजे?"

"म्या मनात आकडा धरला, म्हंजी तोंड बांधल्यालं पोतं आनून ठिवलं. आत किती पायल्या हायती ते तुला ठाव न्हाई. दुप्पट कर म्हनलास, म्हंजी तसंच आनि येक पोतं शेजारी ठिवलं. वर धा पायल्या सुट्या वतल्या. आता निम्मं कर म्हनलास. येक पोतं तिकडं गेलं, येक हितं ऱ्हायलं. सुट्यातल्या पाच तिकडं, पाच हितं. मग म्हनलास, पयला आकडा काढ. हितलं पोतं बी उचलून न्हेलं. ऱ्हायलं काय? पाच सुट्या! पोतं सोडलंय कुनी? आत येक आसू दे न्हाईतर पाच इसा आसू दे, तुला काय त्याचं? जेवढं वतशील त्याचं निम्मं ऱ्हानार."

दोन वर्षं वहीत लिहिलेला क्ष मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. तोंड बांधलेलं पोतं! आणि खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. राग आला. हा कोण लागून गेला, असं वाटलं.

पण विद्या घ्यायला मी मागं राहिलो नाही. दादाला नाद लागला, आणि तो नवे नवे खेळ रचायला लागला. त्याचा एक तर फक्कड होता. घरात माणसं किती ते मनात धर. दुप्पट कर. पाच मिळव. जे आलं ते पाचपट कर. आता दावणीला गुरं किती ती त्यात मिळव, आणि आकडा मला सांग. समोरच्यानं "अठ्ठ्याऐंशी" म्हटलं की दादा मनातल्या मनात पंचवीस काढायचा. उरले त्रेसष्ट. म्हणायचा, "मानसं सा, गुरं तीन." मला त्यानं समजावलं ते असं, "दुप्पट, मग पाचपट, म्हंजी दसपट झाली. मानसं दहाच्या घरात जाऊन बसली, गुरं येकाच्या घरात. आनि पाचाचे पाचपट पंचवीस, त्ये निसते पाव्हनं. त्यांना आदी वाटंला लावायचं." इतकं सोपं. फक्त गुरं नऊच्या वर नसावीत, म्हणाला, आणि आपल्या गावात कुणाच्या दावणीला हायती!

हे सगळे खेळ मी तेलगिरणीत नेऊन माझे म्हणून दाखवले. दुपारच्या सुट्टीत फिटर, हमाल, घाण्यावरचे कामगार माझ्याभोवती जमायचे. कुणी मराठवाड्यातला, कुणी कोकणातला, सगळे मला 'मास्तर' म्हणायला लागले. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?" असं एकानंही विचारलं नाही, आणि मीही आपणहून बोललो नाही. ही पहिली लबाडी. त्या वेळी ती लबाडी वाटलीसुद्धा नाही.

त्याच सुमारास गोदामावर मोजणीसाठी एक कायम माणूस घ्यायचा ठरला. शेंगा, सरकी, पेंड, रोज गाड्याच्या गाड्या पोती यायची-जायची आणि मोजणीत रोज घोळ. दादाच्या कानावर ते आलं होतं. एक दिवस तो माझ्याकडं आला, आणि जो माणूस कधी कुणाकडं काही मागत नाही तो मागताना कसा अवघडतो, तसा दारातच उभा राहिला.

"लोक म्हनत्यात, पायली जानार. सरकार किलो आनतंय. मग माजं काय रं?" म्हणाला. "पोरं ल्हान हायती. तुज्या गिरनीत तेवढी मोजायची जागा बगशील का?"

मी खरोखर मनापासून शब्द टाकला. गोदामाच्या साहेबांना म्हणालो, "आमच्या गावात एक मापाडी आहे. त्याचा आकडा चुकणं शक्य नाही." साहेब पुण्याचे, शिस्तीचे, पण माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "खंडेनवमीला घेऊन या. पाहू."

खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा असायची. काम बंद, घाण्याला झेंडूच्या माळा, सगळ्यांना चहा आणि पेढा. दादानं सकाळी घरी पायलीची पूजा केली, तिला हळदकुंकू लावलं, आणि धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून माझ्या सायकलच्या मागं बसला. वाटेत एकदाच बोलला. "आज माप चालवत न्हाईत रं. हत्याराला आज इसावा आस्तो. सायब मोजायला लावंल का?" मी म्हटलं, "अरे, तो नुसता बघणार आहे तुला." माळ ओलांडेपर्यंत तो मागं बसून गुणगुणत होता. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

पूजा झाली, पेढे वाटले. साहेब खुर्चीवर बसले आणि कामगारांनी गलका केला, "मास्तर, होऊ द्या तुमचा खेळ!" मला तेवढंच हवं होतं. एका फिटरला पुढं बोलावलं, दहा मिळवायला लावले, पाच सांगितले. टाळ्या. दुसऱ्याला माणसं-गुरांचा खेळ. त्याच्या घरी सहा माणसं आणि तीन म्हशी निघाल्या, आणि साहेबसुद्धा खुर्चीतून पुढं झुकले. "वा! हे कसं काय?" मी नुसतं हसलो. आपल्या गुणाचा डंका पिटायची गरज नाही, असं दाखवणारं ते हसणं होतं. दादा मागं भिंतीशी उभा होता आणि माझ्याकडं कौतुकानं बघत होता. कौतुकानं बरं का! तिसऱ्याला मी म्हटलं बारा मिळव, आणि सहा सांगितले. पुन्हा टाळ्या.

"आणि तुमचा तो मापाडी कुठाय?" साहेब म्हणाले. "त्यालाही घ्या की. पाहू त्याचं गणित."

दादा पुढं आला. हात जोडले. मला हळूच म्हणाला, "आज नको रं." मी म्हटलं, "दादा, पायली कुठं हातात घ्यायचीय? मनातल्या मनात तर आहे." मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "धर आकडा. दुप्पट कर. त्यात चौदा मिळव. निम्मं कर. पहिला काढून टाक." कपाळाला बोट लावलं, डोळे मिटले, आणि ऐटीत म्हणालो, "सहा!"

दादा म्हणाला, "सात."

मग कुणीतरी फिसकन हसलं.

आता इथं मी स्वतःला सूट देत नाही. नंतर घरी जाऊन लक्षात आलं, असं काही नाही. त्यानं "सात" म्हटलं त्याच क्षणाला मला कळलं. आधीच्या खेळातले सहा माझ्या जिभेवर राहिले होते. चौदा सांगून मी बाराचं निम्मं बोललो होतो. नुसतं "अरेच्चा, चुकलो की!" म्हणायचं होतं. लोक हसले असते, साहेब हसले असते, चहाचा आणखी एक कप आला असता. माझी नोकरी गेली नसती, काहीसुद्धा झालं नसतं. पण त्या टाळ्या माझ्या कानात होत्या. मी म्हणालो, "दादा, कुठंतरी चुकलास बघ."

मागून घाण्यावरचा एक मराठवाड्याचा माणूस बोलला, "चौदा म्हनलाव की ओ मास्तर तुमी!"

आणि मी त्याच्याकडं वळून, डोळ्याला डोळा भिडवून म्हणालो, "बारा म्हणालो."

तो बिचारा गप्प झाला. मी शिकलेला, तो घाण्यावरचा. बाकीचे पेढ्याचे हात पुसत होते, त्यांना बारा काय नि चौदा काय. साहेबांनी दादाला विचारलं, "काय रे? बारा की चौदा?"

दादानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. हरकत घेणाऱ्याकडं मापाडी बघतो तसं, थांबून. मग तो दोन पावलं मागं सरला, जमिनीवर बसला आणि उजव्या हाताचा तळवा त्यानं फरशीवर पालथा ठेवला.

त्या साठ माणसांत त्या पालथ्या हाताचा अर्थ कळणारा मी एकटा होतो. तो सांगत होता, माप मोडलंय, मी माझ्या आकड्यावर आहे, ज्यानं हरकत घेतली त्यानं पुढं येऊन मोजावं. साहेबांना दिसलं ते एवढंच, की गडी ओशाळून खाली बसला.

"अरे, बोल की!" साहेब म्हणाले.

"त्यांनी मोजावं," दादा म्हणाला.

"कुणी? काय मोजावं?"

दादा पुढं बोलला नाही. बोलणारच नव्हता. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि भुवया उडवल्या, म्हणजे हा काय म्हणतोय? मी खांदे उडवले. हो, खांदे उडवले मी! साहेब उठताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "गरीब दिसतो बिचारा. पण दोन-चार आकड्यांत बसकण मारली, तो गोदाम कसं सांभाळणार?" मी म्हटलं, "बघू, साहेब." यावर बघू काय, बघू!

परत येताना तो माझ्याच सायकलवर मागं बसला. चालत गेला असता तर बरं झालं असतं. वाटेत त्यानं विचारलं, तुझ्या आईचा गुडघा कसा आहे, वरच्या वावरात काय पेरलंय. मी एकेक उत्तर देत होतो. घराशी उतरला आणि म्हणाला, "सावकाश जा, चढ हाय."

चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पाचव्या दिवशी, दिवस मावळायच्या आधी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर दोरी वळत बसला होता. बायको चुलीशी होती.

"दादा, मी चौदाच म्हटलं होतं," मी एका दमात बोलून टाकलं.

"ठाव हाय मला."

"तुझंच बरोबर होतं."

"त्ये बी ठाव हाय."

"मग माफ कर मला. माझं चुकलं."

त्यानं दोरी खाली ठेवली. "माफ करायचं काय त्यात? तुला काय रिवाज म्हाईत न्हाई व्हय? माप जितं मोडलं तितं मोजायचं, त्याच मानसांम्होरं. माज्या घरात यिऊन मोजलंस. हितं कुनाला संशय हाय?"

त्याची बायको गुळाचा चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना म्हणाली, "भावजी, जागा आजून भरली न्हाई म्हनत्यात. तुमी सायबाला तेवढं सांगाल न्हवं?"

"उद्याच सांगतो, वहिनी," मी म्हणालो. "उद्या सकाळी पहिलं काम तेच."

तिनं पदरानं डोळे टिपले आणि मला आणखी चहा घेण्याचा आग्रह केला. मी घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "या मास्तर! आमच्या मोठ्या साहेबांना तुमचा तो खेळ बघायचाय हं." मी म्हटलं, "हो, साहेब," आणि कागदावर सही घेऊन बाहेर आलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते गडबडीत होते. त्यानंतर रविवार आला. मग मी म्हटलं, सोमवारी नक्की. कारणांना काय तोटा? आठवड्यानं खेडकडचा कुणी एक माणूस त्या जागेवर येऊन बसला. तो बोटांवर मोजायचा. मला ते कळलं तेव्हा, अगदी खरं सांगतो, आधी हायसं वाटलं. आता सांगून उपयोग नाही, असं वाटून हायसं! त्या हायशाची मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या "बारा"ची नाही वाटत.

पुढं दोन-अडीच वर्षांत किलो आले, पायल्या माळ्यावर गेल्या, आणि दादा त्याच गिरणीत हमाल म्हणून लागला. ज्या गोदामात पोती मोजायची ती तिथंच पाठीवर वाहायला. मला फाटकात दिसला की तो "राम राम" म्हणायचा. पण मला जे आजही सलतं ते त्याच्या आधीचं आहे, त्या खंडेनवमीनंतरच्या सुगीचं.

आमच्या खळ्यावर रास पडली होती. माझ्या बहिणीचे सासरे चाकणहून आले होते, चुलते होते, शेजारी होते. दादा नेहमीसारखा मोजायला आला. राशीला हात जोडले, पायली पालथी ठेवून समोर बसला. मोजायला सुरुवात होईपर्यंत पायली पालथीच ठेवायची असते. तेवढ्यात माझे वडील पाहुण्यांना म्हणाले, "आमचं पोरगं गिरनीत सायबालोकांना आकडं वळखून दावतंय. दाव रं जरा पाव्हन्यांना."

मी म्हटलं, "नको, आत्ता नको."

"म्या दावतो," दादा म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. तो माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाला, "धर मनात आकडा."

मी धरला.

"दुप्पट कर. चौदा मिळीव." चौदा म्हणताना तो जरा थांबला. "निम्मं कर. पयला काढून टाक. किती ऱ्हायलं, मोट्यानं सांग."

पाहुणे, चुलते, वडील, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

"सात," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "सात."

आणि तो थांबला. हात पालथ्या पायलीवर ठेवून, माझ्याकडं बघत थांबला. गिरणीतली माणसं इथं नव्हती, पण माझ्या घरची होती, माझ्या बापासकट. आणखी एकच वाक्य हवं होतं. 'दादाचं बरोबर होतं, गिरणीत मी खोटं बोललो.' ते ओठापर्यंत आलं होतं, आईशपथ आलं होतं.

माझे वडील खो खो हसले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "भले! मापाड्याला बी शिकवलंस की रं पोरा!"

पाहुणे हसले. चुलते हसले. मीही हसलो.

दादानं माझ्यावरची नजर काढली. पायली सुलटी केली, राशीत घातली, हातानं काठ साफ केला, आणि पहिली पायली ओतत म्हणाला, "लाभ."